ज्या माशाला नदी नाही



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. माझ्याकडे मत्स्यशास्त्राची पदवी नाही. एकोणीस वर्षं मासे पाळले आणि त्यातले बरेच सुरुवातीला माझ्याच हातून मेले, एवढीच माझी पात्रता.

आजचा विषय संकरित सिक्लिड मासे. या सभागृहात त्यांतल्या फ्लॉवरहॉर्नवर जीव टाकणारे आहेत, तसे त्याला मासाच न मानणारेही आहेत. दोघांच्याही थोड्या शिव्या खायची माझी तयारी आहे.

आधी नाक मुरडणाऱ्यांशी बोलतो. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. तिनं पोटं भरली, पण चवीवरचा राग असा टिकला की चार पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्या पोरालाही म्हातारी माणसं ‘हायब्रीड’ म्हणू लागली. तोच शिक्का आपण माशावर मारतो. निसर्गाला मात्र संकराचं वावडं नाही. आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. ते पुन्हा भरल्यावर तिथे सिक्लिडच्या शेकडो जाती घडल्या. या वैविध्याचं मूळ दोन वेगळ्या वंशांच्या प्राचीन संकरात आहे, हे २०१७ साली जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. तेव्हा संकर हे पाप नव्हे. फरक एवढाच की तिथे कोण जगणार हे पाण्यानं ठरवलं. आपल्याकडे ते गिऱ्हाईक ठरवतं.

गिऱ्हाइकाला काय हवं होतं? १९८० च्या दशकात तैवानमध्ये पॅरट हा संकरित सिक्लिड तयार झाला. गोलमटोल, नारिंगी, लोभस. पण त्याचं तोंड धड मिटत नाही. भक्ष्य पकडायला जबडा उपयोगी पडत नाही म्हणून तो घशातल्या दातांनी अन्न चिरडतो. मादी अंडी घालते, जिवापाड राखते. पण नर बहुधा वांझ असतो आणि अंडी पांढरी पडून बुरसटतात. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडच्या संकरातून फ्लॉवरहॉर्न घडला. चिनी लोक त्याला लुओहान, म्हणजे अर्हत, म्हणतात. मूळच्या काही जातींत विणीच्या काळात नराच्या कपाळावर उंचवटा येतो. आपण तोच निवडत गेलो आणि त्याचा बारमाही मुकुट केला. म्हणूनच दुकानात पहिला प्रश्न येतो, “हेड येईल का?”

मीही हाच प्रश्न विचारून दोन इंची पिल्लू आणलं होतं. दीड फुटी टाकी, नवा फिल्टर, नळाचं ताजं पाणी. आठव्या दिवशी पिल्लू गेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नकोस, घरावरचं अरिष्ट त्यानं स्वतःवर घेतलं.” मला हायसं वाटलं. त्या अरिष्टाचं नाव अमोनिया होतं, हे कळायला दोन वर्षं आणि आणखी तीन मासे लागले.

माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानानं निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आज आणि मासाही आजच, हा हट्ट म्हणूनच जीवघेणा.

एका फ्लॉवरहॉर्नला चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी द्या. तिच्यात साधारण २५० लिटर पाणी मावतं. मासा फूटभर वाढतो आणि दहा-बारा वर्षं जगू शकतो. सोबती शोधू नका. तो त्याला मारून टाकील. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला, नव्या पाण्यातला क्लोरिन हायपोनं घालवा. तापमान २८ अंशांच्या आसपास ठेवा आणि हिटरला जाळी लावा, नाहीतर धडका मारून तो काच फोडेल. जिवंत मासे खायला घालण्यात मर्दुमकी नाही. त्यांच्याबरोबर रोगही येतात. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली किंवा डोक्यावर खड्डे पडू लागले, तर आधी पाणी तपासा, मग जाणकाराला विचारून औषध द्या. हेड फुगावं म्हणून दिवसभर आरसा दाखवू नका. समोर कायम शत्रू उभा असेल, तर कुणाला झोप लागेल?

पैदासकार मित्रहो, पॅरटला सुईनं रंग टोचणं आणि हृदयाचा आकार दिसावा म्हणून शेपूट छाटणं, याला मी कला म्हणणार नाही. असा मासा विकायचा नाही, एवढं आज ठरवूया.

आणि कंटाळा आला म्हणून कुणीही मासा तळ्यात सोडू नये. सिंगापूर-मलेशियाच्या जलाशयांत सोडून दिलेले फ्लॉवरहॉर्न सापडले आहेत. आपल्याला तर उदाहरण दूर शोधायला नको. १९५२ साली भारतात आणलेली तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, हीही सिक्लिडच. आज उजनी धरणातल्या जाळ्यांत ती किती येते, ते धरणाकाठच्या भिगवणला जेवलेल्यांना सांगायला नको. आपल्या खाडीतली कालुंदर त्याच कुळातली, पण ती इथलीच. तिला परत जायला खाडी आहे. फ्लॉवरहॉर्नला मात्र परत पाठवावं अशी नदी पृथ्वीवर कुठेच नाही. निकाराग्वातली नाही, मेक्सिकोतली नाही, मुळा-मुठा तर नाहीच. आपण घडवलेल्या या जिवाचा मुलूख म्हणजे आपली चार फुटी काच. ती काच लहान निघाली, तर दोष संकराचा नाही.

म्हणून विक्रेत्यांना एकच मागणं आहे. उद्या दुकान उघडल्यावर कुणी “हेड येईल का?” असं विचारलं, तर उत्तर देऊ नका. उलट त्यालाच विचारा, “घरी टाकी केवढी आहे?” उत्तर मनासारखं नसेल, तर त्याला मासा न देता टाकीचं माप द्या. एक गिऱ्हाईक जाईल. पण ते दीड महिन्यानं परत आलं, तर दहा वर्षं येत राहील.