फाइल पुसू नका, आधी फाँट बघा

जळगावचं गोलाणी मार्केट घ्या की धुळ्याचा आग्रा रोड, लग्नपत्रिका, हँडबिलं, पतपेढीचे अहवाल करून देणाऱ्या डीटीपीवाल्यांचा जीव जुन्या फाइलींमध्ये अडकलेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. म्हणून कुणी विंडोज ११ टाकून घेतो, जुनी पत्रिका उघडतो आणि म्हणतो, "भाऊ, मराठी गेलं!"

मराठी बहुतेक वेळा गेलेलं नसतं. घाईनं पुन्हा टाइप करायला बसू नका. त्या फाइलवर सेव्हसुद्धा करू नका. आधी पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते पाहा.

इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर काम जुन्या पद्धतीच्या फाँटमधलं आहे. कृतिदेव, शिवाजी असे फाँट फाइलमध्ये मराठी साठवतच नाहीत. कृतिदेवमध्ये आपल्याला 'क' दिसतो, तिथं फाइलमध्ये इंग्रजी लहान 'डी' असतो. त्या 'डी'ला 'क'चं रूप देतो तो फाँट. साधं अपडेट केलं तर फाँट सहसा टिकतात, पण कॉम्प्युटर फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं, की आपण बाहेरून टाकलेले फाँट पुसले जातात. फाँट परत टाकला की पत्रिका जशीच्या तशी उभी राहते. टाकताना एक काळजी घ्या. फाँटच्या फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. नुसतं 'इन्स्टॉल' केलं, तर फाँट फक्त त्या यूजरपुरता बसतो आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना तो सापडत नाही.

अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले, तर मजकूर बहुधा युनिकोडमधला असतो आणि निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नसते. मजकूर निवडून 'निर्मला यूआय' लावून पाहा. मंगल फाँट हवा असेल, तर विंडोज १० पासून तो वेगळा मागवावा लागतो. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरीचे पूरक फाँट शोधा.

सगळाच पडदा ताणलेला किंवा लुकलुकणारा असेल, तर फाँटला दोष देऊ नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' असं नाव दिसलं, तर ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर बसलेला नाही. तो कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

खरा उपाय मात्र युनिकोडचाच, असं माझं ठाम मत आहे. अक्षर एका फाँटच्या मेहेरबानीवर का राहावं? जुना मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणता येतो, पण मूळ फाइल ठेवून तिच्या प्रतीवरच हे करा. मग डोळ्यांत तेल घालून वाचा. 'वऱ्हाडी'तला र आणि 'आशीर्वाद'मधला रफार हमखास घसरतो आणि नेमके हेच शब्द पत्रिकेत असतात. पतपेढीच्या सभासद याद्यांमध्ये तर एकेक आडनाव तपासा.

आणि ज्यांचं अपडेट अजून व्हायचंय, त्यांनी आजच विंडोजच्या फाँट फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, चालू कामांच्या पीडीएफ करून ठेवाव्यात.