संगणक घ्या, पण दात पाहून



शेवगाव-पाथर्डीची कपाशी आणि जामखेड-कर्जतची ज्वारी विकणारे आपले गट आता संगणक घ्यायला निघाले आहेत. हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, सभासदांची यादी, कामे खरीच आहेत. पण पैसा भागभांडवलाचा, कोरडवाहू माणसाच्या घामाचा. म्हणून बोलणे भाग आहे.

आम्ही पदवी शेतकीची घेतली, संगणकाची नाही. पहिला संगणक घेताना फसलो. जुना होता, पण ‘आय-५ आहे, काळजी नको’ असे दुकानदार म्हणाला. बैल घेताना आपण दात पाहतो, जुंपून चालवून पाहतो. इथे मात्र रंगावर भाळलो. संगणकाचे दात म्हणजे आय-५ च्या पुढचा आकडा. ४५७० असेल तर चौथी पिढी, ८४०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आतल्या यंत्रांना विंडोज ११ सहसा मिळत नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. असले यंत्र स्वस्त का, ते आता कळले असेल! त्यावर गटाचे बँक खाते उघडू नका.

मेमरी ८ जीबीपेक्षा कमी नको. फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या. वीज सारखी जाते तिथे लॅपटॉपची बॅटरी सांभाळून घेते. पण कचेरीत एका जागी काम असेल तर आमचे मत टेबलावरच्या संगणकाला. यूपीएस वेगळा घ्यावा लागतो खरा, पण की-बोर्ड बिघडला तर तेवढाच बदलता येतो आणि आतली धूळ काढता येते.

वॉरंटीचा माणूस आपल्या गावापर्यंत येतो का, ते बिलावर लिहून घ्या. नाहीतर यंत्र मांडीवर घेऊन एसटीने नगर गाठावे लागेल. बियाण्याची पक्की पावती आणि पिशवी जपा, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. तशीच ही पावती जपा, तीवर यंत्राचा क्रमांक हवा.

आणि संगणक लागतोच का? वारणानगरला १९९८ मध्ये ७० गावांसाठी संगणकांची मोठी योजना निघाली. पुढे तिथल्याच काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर उसाची माहिती देऊन पाहिली, आणि काम भागले. आपली ई-पीक पाहणीही २०२१ पासून मोबाइलवरच होते. नुसता बाजारभाव पाहायचा असेल त्या गटाने संगणक घेऊ नये.

ज्यांना हिशेब ठेवायचा आहे त्यांनी दोन दुकानांची लेखी दरपत्रके घेऊन पुढच्या बैठकीला यावे. आकडे मिळून वाचू.