सुईण नरसम्मा



आज आम्ही तुम्हांला एका बाईची हकीकत सांगणार आहोत. ही बाई राणी नव्हती, पुढारी नव्हती. लोकांच्या शेतात मोलमजुरी करणारी होती. शाळेत ती कधी गेली नव्हती. तिचे नाव नरसम्मा.

कर्नाटकात तुमकूर जिल्हा आहे. त्यात पावगड नावाचा तालुका आहे. आपल्या माणदेशासारखाच तो मुलूख. पाऊस कमी, दुष्काळ नेहमीचा. तेथल्या कृष्णापूर गावी नरसम्मा नांदली. तिचा जन्म १९२० सालचा. बाराव्या वर्षी तिचे लग्न झाले. पुढे तिला बारा लेकरे झाली. त्यांतली चार लहानपणीच गेली. बारा वेळा कळा सोसल्या आणि चार वेळा पोटचा गोळा मातीत ठेवला. हे दुःख काय असते, ते इथे बसलेल्या आयाबायांना सांगायला नको.

नरसम्माची आजी सुईण होती. नातीची पाच बाळंतपणे त्या आजीनेच केली. आजीचे पाहून पाहून नात शिकली. १९४० साली नात्यातली एक बाई अडली. तेव्हा नरसम्मा पुढे झाली. वय अवघे वीस. ते तिच्या हातचे पहिले बाळंतपण. गावाकडे भटके लोक येत. त्यांच्याकडून ती झाडपाल्याची औषधे शिकली. पोटावर हात ठेवून बाळाचे डोके कुठे आहे, ते ती ओळखी.

तिने किती बाळंतपणे केली असतील? पंधरा हजारांच्या वर! आता तुम्हांला हिशेब येतो. करून पाहा. सत्तर वर्षे धरा. १५,००० भागिले ७०. वर्षाला दोनशेच्या वर झाली. म्हणजे आठवड्याला चार.

आणि मोबदला? काही नाही. ती पैसा घेत नसे. इथे जरा विचार करा. बाळंतपणाला वेळकाळ नसतो. कळा दिवसा येतात, रात्री येतात, सुगीतही येतात. मजूर बाई एक दिवस कामाला गेली नाही, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणजे हे काम नुसते फुकटाचे नव्हते. पदरमोड करून केलेले होते.

२०१४ साली तुमकूर विद्यापीठाने तिला डॉक्टर ही मानाची पदवी दिली. २०१८ साली सरकारने पद्मश्री दिली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला ती वारली. वय ९८ वर्षांचे होते.

ही हकीकत आम्ही वाचली आणि आम्हांला आमचीच एक चूक आठवली. तीही तुम्हांला सांगतो.

आमच्या गावातही एक सुईणबाई होती. आमचा धाकटा भाऊ तिच्याच हातचा. आईने तिला खण-नारळ आणि पायलीभर बाजरी दिली होती. पुढे आम्ही मॅट्रिक झालो आणि त्याच गावी मास्तर झालो. जून महिन्यात आया पोरांना घेऊन शाळेत यायच्या. आम्ही विचारायचे, "जन्मतारीख काय?" त्या म्हणायच्या, "गुरुजी, मोठा दुष्काळ पडला त्या साली झालं हे. तारीख आमाला कुठली ठावं?" दुष्काळ १९७२चा, तेवढे आम्हांला समजे. मग आम्ही रजिस्टरात लिहायचे, १ जून. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकच!

एकदा ती सुईणबाई आपल्या नातवाला घेऊन आली. आम्ही त्याचीही तारीख १ जूनच लिहिली. ती म्हणाली, "मास्तर, ह्ये पोरगं नागपंचमीच्या आदल्या रातीला झालं. तुमी जून कसा लिवला?"

आम्ही हसलो आणि म्हणालो, "बाई, असंच लिहायचं असतं."

असे कुठेही सांगितलेले नव्हते. पंचांग उघडून तारीख काढणे दहा मिनिटांचे काम होते. गावातल्या बहुतेक पोरांचा जन्म त्या बाईच्या डोळ्यांदेखत झाला होता. कोणते पोर कोणत्या रात्री झाले, ते तिच्या ध्यानात होते. गावाचे जन्माचे रजिस्टर तिच्या डोक्यात होते, आणि आम्ही, शिकलेले, तिला विचारीत नव्हतो. कागदावर चुकलेले वय त्या पोरांना जन्मभर पुरले. ती बाई आता नाही. तिचे नाव काय होते, ते आम्ही कधी विचारले नाही. सारे गाव तिला सुईणबाई म्हणे, आम्हीही तेच म्हणत होतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नरसम्मा थोर होती, म्हणून आजही बाळंतपण घरीच करावे, असे आम्ही म्हणत नाही. तिच्या काळी खेड्यात दवाखाना जवळ नव्हता. गावोगावच्या सगळ्या सुइणी सारख्या नव्हत्या. कुठे गंजक्या विळ्याने नाळ कापत, आणि बाळ धनुर्वाताने जाई. रक्तस्राव थांबला नाही, तर अनुभवी हातही थकत. आज आशाताई आहे. १०२ किंवा १०८ नंबर फिरवला की गाडी येते. बाळंतपण दवाखान्यातच करा. बाळ झाल्यावर एकवीस दिवसांच्या आत जन्माची नोंद करा, आणि खरी तारीख लिहा.

नरसम्माकडून घ्यायचे ते एवढेच. कोणी अडले की उठायचे. परतफेडीचा हिशेब मांडायचा नाही.

आणि आजचा अभ्यास. घरी गेल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, "आमच्या वेळी सुईण कोण होती?" तिचे नाव विचारा. नुसते सुईणबाई नव्हे, पुरते नाव. तुम्हांला आता लिहिता येते. ते नाव पाटीवर नको, वहीत लिहा. उद्या वर्गात आम्ही ती नावे वाचून दाखवू.

आमचे पान मात्र कोरेच राहील.