संजेच्या भिंतीवरचा इतिहास



माळव्यातल्या नेमावरला इतिहास शोधत फिरावे लागत नाही. सिद्धनाथाचे परमारकालीन मंदिर नर्मदेच्या काठी उभे आहे. धारहून दक्षिणेला जाणाऱ्या वाटेवरचे ठिकाण म्हणून अल्बेरूनीने अकराव्या शतकात या गावाचे नाव नोंदवले. पैलतीरावरचे हंडिया अकबराच्या काळी माळवा सुभ्यातल्या एका सरकारचे मुख्य ठाणे होते. असे असूनही आपल्या बालवाड्यांतला सणावारांचा इतिहास फेटा, काजळाच्या मिशा आणि पाठ करून घेतलेल्या चार वाक्यांपुढे सरकत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सणातून इतिहास द्यायचा, तर आरंभ क्रमापासून व्हावा, असे माझे म्हणणे आहे. आधी काय होते, मग काय झाले, आजीच्या लहानपणी हेच कसे होत असे, एवढेच त्याला आधी कळू द्या. थोर पुरुषांची ओळख त्यानंतर सावकाश होईल.

यावर पहिला आक्षेप असा की या वयात इतिहास कळतच नाही. त्याला आधारही आहे. लहान मुले उंचीवरून वय ठरवतात, जो उंच तो मोठा, हे जाँ पियाजे यांनी दाखवून दिले. अशा मुलाला शिवराज्याभिषेकाचे 1674 हे साल सांगणे व्यर्थच. पण काल आणि आज, बी आणि रोप, हा क्रम हाताने केला की त्याला नक्की कळतो. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरींच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आणले. साधन परिसरातूनच घ्यावे, हा त्यांचा धडा मला सणांनाही लागू वाटतो.

आपल्या माळव्यात असे साधन तयारच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत मुली भिंतीवर रोज शेणाची नवी आकृती, म्हणजे संजा, मांडतात आणि तिला फुलांच्या पाकळ्या, चमकी लावून सजवतात. पंचमीला पाच कुंवारे, सप्तमीला सातिया (स्वस्तिक), अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल आणि शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ला. कालची आकृती खरवडून टोपलीत जमा होते, आजची तिच्या जागी येते, अमावास्येला सगळे पाण्यात सोडतात. कालगणनेचा याहून सोपा पाठ मला तरी माहीत नाही. बालवाडीत हेच ओल्या मातीने करावे, मुलग्यांनाही त्यात घ्यावे, आणि आदल्या दिवशीची आकृती ताईंनी कागदावर उतरवून ओळीने टांगावी. मग ‘फुलाच्या आधी काय होते?’ हा प्रश्न मुलेच एकमेकांना विचारतील.

किलाकोटानंतर बहुतेक वर्षी पुढच्याच अमावास्येला दिवाळी येते आणि मराठी घरांच्या अंगणात किल्ला उभा राहतो. गोणपाटावर माती थापायची, त्यात अळीव पेरायचे, बुरुजावर मावळे ठेवायचे. एका महिन्यात दोन किल्ले, एक माळव्याचा, एक महाराष्ट्रातून आलेल्यांचा! पवार आणि होळकरांबरोबर मराठी माणसे इकडे आली, ही गोष्ट मुलाला पुढे कळेलच. आज त्याने एवढेच विचारावे, की शेजारणीच्या भिंतीवर किल्ला आणि आमच्या अंगणातही किल्ला, हा कुणी कुणाला शिकवला? उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. सण धर्माचे असतात, मग वर्गातल्या मुसलमान किंवा कोरकू मुलाने काय करायचे? वर्गात पूजा होत असेल तर तो खरोखरच बाहेर पडतो. पण ‘तुझ्या घरी हे कुणी शिकवले, शिकवणाऱ्याला कुणी शिकवले’ हा प्रश्न ईदच्या शेवयांबद्दलही तसाच विचारता येतो, आणि अमावास्येनंतरची चंद्रकोर पाहायला तर सगळा वर्ग जमू शकतो. म्हणून आरती घरी राहू द्यावी, विचारपूस वर्गात आणावी.

पालकांना फेट्यातला फोटो हवा असतो, हेही खरे आहे. तो जरूर काढावा, पण वर्षभराचा इतिहास त्यावर भागवू नये.

एक काम मात्र यंदाच व्हायला हवे. संजेच्या आकृत्या गावागणिक बदलतात, बाजारात मिळणारी छापील कागदी संजा मात्र सगळीकडे सारखीच असते. येत्या भाद्रपद पौर्णिमेपूर्वी प्रत्येक बालवाडीने आपल्या गावातल्या आज्यांना बोलवावे, सोळा दिवसांच्या आकृत्या त्यांच्याकडून मुलांसमोर काढून घ्याव्यात आणि प्रत्येकीखाली गावाचे नाव लिहून ठेवावे.