वाचन राहून गेलं? थकबाकी विसरा, आजचं वाचा

आजचा विषय तुम्ही बऱ्याच जणांनी मागितला होता. रोज बायबल वाचायचं आणि प्रार्थना करायची ही सवय लागते कशी, आणि लागली तर टिकते कशी?

आधी एक गणित करूया. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत आणि एकूण ११८९ अध्याय. वर्षभरात सगळं वाचायचं म्हटलं तर रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच. कागदावर सोपं वाटतं. जानेवारीत आपण सुरुवात करतो. उत्पत्ती मजेत जातं, कारण गोष्टीच गोष्टी आहेत. निर्गमाचा पहिला अर्धा भागही जातो. मग निवासमंडपाची मापं येतात, लेवीयमधले यज्ञांचे नियम येतात, आणि इथे गाडी हळू होते. त्यात घरात एखादं लग्न निघतं, परीक्षा येते, ताप येतो. तीन दिवस राहतात. तीन दिवसांचे नऊ अध्याय मागे पडले. आठवड्याने तेच तेवीस होतात. मग ॲप उघडायचीच भीती वाटते, कारण उघडलं की ते लाल अक्षरात सांगणार, तुम्ही इतके दिवस मागे आहात.

आता बघा, सवय मोडली नक्की कुठे? ताप आला त्या दिवशी नाही मोडली. ती मोडली, जेव्हा आपण तेवीस अध्यायांची थकबाकी डोक्यावर घेतली. विजेचं बिल थकावं तसं आपण देवाचं वचन थकवलं, असं आपल्याला वाटायला लागलं. आणि थकबाकीदार माणूस काय करतो? तो रस्ता बदलून जातो. प्रार्थनेलाही मग तोंड लपवतो. मंडळीत बसतो, गाणी म्हणतो, पण घरी देवाशी बोलणं बंद. माझ्या मते खरं नुकसान हे आहे.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. देवाच्या वचनाची थकबाकी नसते. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, शास्त्रातूनच दाखवतो.

निर्गमचा १६वा अध्याय काढा. इस्राएल लोक मिसर देशातून निघालेत, रानात आहेत, खायला काही नाही. देव मान्ना देतो. त्याचे नियम नीट बघा. रोज सकाळी बाहेर जायचं आणि त्या दिवसापुरतं गोळा करायचं. ऊन तापलं की ते वितळून जायचं. काहींनी हुशारी केली, उद्यासाठी ठेवलं, तर त्यात किडे पडले आणि वास सुटला. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची परवानगी होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा. आणि ज्याने जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही, ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही.

मला त्यात एक गोष्ट फार आवडते. काल ज्याने मान्ना गोळा केला नसेल, त्याने आज आधी कालचा भरून काढावा, असा नियम तिथे कुठेच नाही. कालचा गेला. आजचा बाहेर पडलेला आहे, ये आणि घे. चाळीस वर्षं हे असंच चाललं.

तुम्ही म्हणाल, मान्ना म्हणजे खाणं, त्याचा वाचनाशी काय संबंध? तर संबंध मोशेनेच लावलाय. अनुवाद ८ मध्ये तो लोकांना समजावतो की माणसाचं जगणं नुसत्या अन्नावर चालत नाही, देवाच्या वचनावर चालतं, हे कळावं म्हणून देवाने मान्ना दिला. पुढे रानात सैतानाने मोहात पाडायचा प्रयत्न केला, तेव्हा प्रभू येशूने याच अध्यायाचा आधार घेतला. आणि आपल्याला प्रार्थना शिकवताना प्रभूने भाकर मागायला सांगितली ती आजची. महिन्याचं रेशन मागायला सांगितलं नाही.

चला, आता कामाचं बोलूया.

पहिलं, किती वाचायचं? कमी. खरंच कमी. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस, रोज एक अध्याय, असं वाचलं तर ५२ आठवड्यांत, म्हणजे बरोबर एका वर्षात नवा करार पूर्ण होतो. शनिवार मोकळा, रविवारी मंडळीत वचन ऐकायला मिळतंच. एक अध्याय वाचायला साधारण पाच-सात मिनिटं लागतात. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. १६च अध्याय आहेत आणि घटना भराभर पुढे जातात. तुमच्या मंडळीत कुणी रोज चार अध्याय वाचत असेल तर आनंद आहे. स्कॉटलंडमध्ये डंडीला रॉबर्ट मरी मॅकशेन नावाचे तरुण पाळक होते, त्यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी जवळजवळ तेवढंच वाचन नेमून दिलं होतं, आणि त्यांचा तक्ता लोक अजून वापरतात. पण मान्ना सगळ्यांनी सारखा गोळा केला नव्हता. तुमची टोपली लहान असेल तर लहान आणा.

दुसरं, कधी वाचायचं? प्रभू येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचं मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. पहाट जमत असेल तर उत्तमच. पण आपल्यातल्या कितीतरी बहिणी नर्सिंगमध्ये आहेत, रात्रपाळी करतात. कुणी कॉल सेंटरला आहे, कुणी डिलिव्हरीचं काम करतं. त्यांची पहाट म्हणजे दमून घरी यायची वेळ. ५५व्या स्तोत्रात संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तिन्ही वेळांचा उल्लेख आहे. तेव्हा घड्याळातली वेळ ठरवण्यापेक्षा रोज नक्की होणाऱ्या एखाद्या गोष्टीला वाचन बांधून टाका. चहा गॅसवर ठेवला की वाचायचं. लोकलमध्ये जागा मिळाली की वाचायचं. ड्यूटीवरून येऊन आंघोळ झाली की वाचायचं. चहा तर कुणी विसरत नाही ना? मग त्याच्या मागोमाग वाचनही येतं.

तिसरं, जागा. दार लावून गुप्तपणे प्रार्थना करा, असं प्रभू मत्तय ६ मध्ये शिकवतो. आता दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर दार कुठलं लावणार? जॉन वेस्लीची आई सुझॅना, तिचंही घर मुलाबाळांनी भरलेलं. ती म्हणे ॲप्रन डोक्यावर ओढून प्रार्थनेला बसायची, आणि मुलांना कळायचं की आता आईला हाक मारायची नाही. आपल्याकडे आजी प्रार्थनेआधी डोक्यावर पदर घेते, ते आठवा. तिचं दार तेच. तुमचं दार म्हणजे गच्चीचा कोपरा असेल, जिन्याची पायरी असेल, नाहीतर कानातले हेडफोन असतील.

आणि फोनचं काय? फोनवर बायबल वाचणं चांगलंच आहे. यूव्हर्जनसारख्या ॲपवर मराठीच्या एकाहून जास्त आवृत्त्या मिळतात. भाषा जड वाटली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ जरूर बघा. पण वाचायच्या आधी फोन फ्लाइट मोडवर टाका. आवृत्ती आधीच डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेट लागत नाही. नाहीतर काय होतं, मार्कचा दुसरा अध्याय उघडला, वरून ग्रुपचा मेसेज खाली आला, आणि वीस मिनिटांनी आपण कुणाच्या तरी हळदीचे फोटो बघतोय! आणि सकाळी फॅमिली ग्रुपवर फुलांच्या चित्रावर छापलेलं एक वचन येतं, आपण हात जोडलेला इमोजी टाकतो. ते वाचन धरायचं नाही बरं का. त्या वचनाच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, ते कोण कुणाला म्हणतंय, हे कळल्याशिवाय ते पोटात जात नाही.

चौथं, वाचलेल्यातून प्रार्थना कशी निघते? बरेच तरुण म्हणतात, डोळे मिटले की दोन मिनिटांत शब्द संपतात. मग जे वाचलं तेच शब्द घ्या. मार्क २ मध्ये चार माणसं एका पक्षाघाती माणसाला घेऊन येतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, तर छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. इथे प्रभू कसा दिसतो? यात मी कुठे आहे? आज मी काय करू? समजा तुमच्या लक्षात आलं, आपला एक मित्र सहा महिने नोकरी शोधतोय, खचलाय. झाली प्रार्थना सुरू. त्याचं नाव घेऊन म्हणा, प्रभू, याला तुझ्यापर्यंत आणायचं आहे, माझा हात लागू दे. आणि डोळे उघडल्यावर त्याला एक फोन करा. प्रार्थना पाचच मिनिटांची झाली, पण ती कुणापर्यंत तरी पोचली.

आता एक अडचण. मनच लागत नाही, कोरडं वाटतं, मग वाचणं म्हणजे ढोंग नाही का? याचं उत्तर आपल्याच मातीतलं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. टिळकांचा तेव्हा विश्वास नव्हता. पुस्तक वाचायचं त्यांनी कबूल केलं ते त्या माणसाच्या भिडेखातर. शब्द दिला म्हणून ते वाचत गेले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकले, ते सुटेनात. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे मराठी ख्रिस्ती गीतांना त्यांनी काय दिलं ते आपण दर रविवारी गातोच. तेव्हा मन लागण्याची वाट बघू नका. वाचायला बसा, मनाला यायला वेळ लागतो.

आणि अगदीच अंधार असेल तर ८८वं स्तोत्र काढा. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे. म्हणजे तक्रार घेऊन देवाजवळ बसलेलं चालतं. ‘देवा, आज मला काही बोलावंसं वाटत नाही,’ हीसुद्धा प्रार्थना आहे.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? दानीएल ६ वाचा. दानीएल काही रिकामा बसलेला माणूस नव्हता, १२० अधिकाऱ्यांवर जे तीन वरिष्ठ होते त्यांतला तो एक. तीस दिवस राजाशिवाय कुणाकडेही मागणं करायचं नाही, असं फर्मान निघालं. दानीएल घरी गेला आणि नेहमीप्रमाणे दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना केली. ‘नेहमीप्रमाणे’ हे महत्त्वाचं. त्या दिवशी त्याने नवीन काही सुरू केलं नाही. सिंहांची गुहा समोर दिसत असताना सवय लागत नसते, ती आधीच लागलेली असावी लागते. आपल्याही आयुष्यात असे दिवस येतात. बाबांचा रिपोर्ट येतो. ठरलेलं लग्न मोडतं. नोकरी जाते. त्या रात्री काय वाचू, काय बोलू, हे शोधायची ताकद आपल्यात नसते. तेव्हा रोजचीच वाट पायाखाली येते.

म्हणून राहून गेलेल्या दिवसांबद्दल पुन्हा एकदा. एक दिवस राहिला, आजचं वाचा. दहा दिवस राहिले, आजचं वाचा. दोन वर्षं बायबल उघडलंच नाही, तरी आजचंच वाचा. जिथे खूण ठेवली होती तिथून पुढे चला, तारखा जुळवत बसू नका. बऱ्याच ॲपमध्ये प्लॅनच्या तारखा पुढे सरकवायची सोय असते, ती वापरा. स्ट्रीकचा आकडा शून्य झाला तर होऊ दे. चुकलं असेल तर प्रभूला तसं एका वाक्यात सांगा आणि लगेच वाचायला लागा. रुसून बसणारा तो नाही, उधळ्या पुत्राचा बाप घरी येणाऱ्याकडे धावत गेला होता, हिशेबाची वही घेऊन दारात उभा नव्हता.

या आठवड्याचा गृहपाठ. एक, वाचन कशाला बांधणार ते ठरवा आणि घरातल्या किंवा युवक संघातल्या एकाला सांगा. दोन, मार्क १ ते ५, सोमवार ते शुक्रवार. तीन, रोज एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना. बस, एवढंच.

चला, जाता जाता प्रार्थना करूया. गाडी चालवत असाल तर डोळे मिटू नका हं!

हे स्वर्गीय पित्या, आजच्या दिवसाबद्दल तुझे आभार. जे ऐकत आहेत त्यांच्यातले काही दमलेले आहेत, काही तुझ्याजवळ यायला संकोचत आहेत. त्यांचा संकोच दूर कर. आज पुरेल एवढं तुझं वचन आम्हाला दे, आणि उद्या परत हात पसरून येण्याची इच्छाही दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन.

तुम्ही वाचन कशाला बांधलं, ते मला व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. पुढच्या भागात घरच्या कौटुंबिक प्रार्थनेबद्दल बोलू, विशेषतः घरात सगळ्यांच्या वेळा वेगवेगळ्या असतील तर काय करायचं. तोवर प्रभू तुम्हाला सांभाळो. जय ख्रिस्त!