रुपया कोणाचा उतरतो?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्हाला विषय दिला आहे 'आंतरराष्ट्रीय संबंध आणि भांडवलशाही'. आम्ही पडलो गिरणी कामगार, शिक्षण सातवी. तेव्हा अनुभवाच्या वाटेनेच जाणार.

1991 च्या जुलैमध्ये सरकारने तीन दिवसांत दोनदा रुपयाचे अवमूल्यन केले, मिळून साधारण 18-19 टक्के. परकीय चलन संपत आले होते. त्याच महिन्यात सुमारे 47 टन सोने लंडनला गेले, गहाण! आम्ही तेव्हा एका सूतगिरणीत रिंगखात्यात नवखे बदली कामगार. साहेब लोक खुशीत. म्हणले, आता आपलं सूत बाहेर स्वस्त पडणार, मागणी वाढणार, देशाचा फायदा! आम्हीही खूश झालो. पगाराच्या दिवशी मात्र हातात तेवढेच पैसे आणि दुकानात तेलाचा भाव चढलेला. मग देशाचा फायदा गेला कुठं? आम्ही देशात नव्हतो काय?

याचं उत्तर पुष्कळ वर्षांनी सापडलं, ते परमपूज्य बाबासाहेबांच्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या 1923 साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. 1873 नंतर जगात चांदी घसरली, तिच्यासोबत आपला चांदीचा रुपयाही. निर्यात वाढली. लोक म्हणत, देश कमावतो आहे. बाबासाहेबांनी हिशेब तपासला. भाव वाढतात लवकर, मजुरी वाढते सावकाश, आणि मधला फरक मालकाच्या गल्ल्यात. म्हणजे हा नफा परदेशातून आलेला नव्हेच, आपल्याच मजुराच्या ताटातून काढलेला! 1925 साली हिल्टन यंग आयोगापुढंही त्यांनी मजुराची हीच बाजू मांडली.

पाश्चात्त्य विद्वानही यावर बोलले आहेत. वॉलरस्टाईन यांनी 1974 मध्ये मांडलं की जगाचा एकच बाजार आहे. मधोमधच्या देशांनी पक्का माल विकायचा, काठावरच्यांनी कच्चा माल आणि स्वस्त मजूर पुरवायचे. रॉबर्ट कॉक्स जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत कितीतरी वर्षे नोकरी केलेले. त्यांनी 1981 मध्ये दाखवलं की जगाच्या राजकारणाचा कुठलाही सिद्धांत कुणाच्या तरी बाजूचा असतो. पटतं. पण काठावरच्या देशालाही पुन्हा एक काठ असतो, हे गावकुसाबाहेर जन्मलेल्यांना कशाला सांगायला हवं?

आपल्या जिल्ह्यातलं सोयाबीन बघा. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरच्या बाजारात भाव दहा हजारांच्या घरात होता. कोंबडीखाद्य महागलं म्हणून केंद्राने 12 लाख टन सोयापेंड परदेशातून आणायला परवानगी दिली. ऑक्टोबरपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर. नवं पीकही बाजारात आलं होतं, हे खरं. शेतकरी बोलले, कोंबडीवाले बोलले. काढणीला गेलेल्या आपल्या बायांना कुणी विचारलं? भाव दहा हजार होता तेव्हा त्यांची मजुरी दुप्पट झाली नव्हती. भाव पडला तेव्हा मात्र मालक म्हणाला, औंदा परवडत नाही.

बाबासाहेबांचा तो ग्रंथ शासनाने 1989 साली सहाव्या खंडात छापला. आपल्या विहाराच्या कपाटात आहे, पण इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन बसलो तरी आम्हाला एका पानाला एक संध्याकाळ लागते. कॉलेजच्या पोरापोरींनी रविवारी वंदनेनंतर अर्धा तास थांबावं. तुम्ही वाचा, आम्ही गिरणीतलं सांगतो. सुरुवात चांदी घसरल्याच्या भागापासून करू.

जयभीम!