नाशिकचे मत कोणाची मिरास नव्हे

गोदातीरीचे धर्मपरायण नाशिक म्हणजे आपली हक्काची मतपेढी, हा भ्रम आहे. २००९ साली शहरातील पूर्व, मध्य व पश्चिम या तिन्ही विधानसभा जागा मनसेने जिंकल्या. २०१४ साली त्याच तिन्ही भाजपकडे आल्या. महापालिकेत २०१२ साली चाळीस नगरसेवक असलेली मनसे २०१७ साली पाचावर आली. २० मे २०२४ रोजी सिन्नर, इगतपुरीसह नाशिक लोकसभा मतदारसंघाने ठाकरे गटाचे राजाभाऊ वाजे यांना कौल दिला. बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, शहराने तिन्ही जागा पुन्हा भाजपला दिल्या. श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मत मात्र प्रत्येक वेळी नव्याने मिळवावे लागते. म्हणून कार्यकर्त्याचा घरोघरचा संपर्क निवडणुकीपुरता नसावा, अखंड असावा.